कर्मवीर भाऊराव पाटील आणि कमाईची विद्या

ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत दरसाल एका थोर पुरुषाचे चरित्र छापावे, असा आपला प्रघात आहे. बहुधा तो पुरुष आपल्याच ज्ञातीतला असतो, आणि त्यात गैर काही नाही. स्वकीयांच्या कर्तृत्वाने मुलांना हुरूप येतो, वडीलधाऱ्यांचा ऊर भरून येतो. यंदा हे काम मंडळाने आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही मात्र ज्ञातीबाहेरचे नाव निवडले. कर्मवीर भाऊराव पाटील हे जन्माने दिगंबर जैन होते. त्यांचे नाव महाराष्ट्रात ठाऊक नाही असा मनुष्य विरळा. त्यांच्या चरित्रातील एक भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. तो भाग त्यांच्या फिरत्या विक्रेत्याच्या आयुष्याचा. शिक्षणमहर्षी होण्यापूर्वी भाऊराव लोखंडी नांगर विकीत गावोगाव हिंडत होते. आमच्या मते त्यांच्या पुढील शिक्षणकार्याची बीजे त्या भ्रमंतीत आहेत, आणि आपल्या गावापुढे आज जो प्रश्न उभा आहे त्याचे उत्तरही तेथेच सापडते.

तो प्रश्न कोणता, ते आधी सांगितले पाहिजे. आपले सूस हे मुळशी तालुक्यातील शेतकऱ्यांचे गाव. जून २०२१ मध्ये तेवीस गावांबरोबर ते पुणे महापालिकेच्या हद्दीत आले. त्याच्या कितीतरी आधीपासून शहर बाणेर-पाषाण ओलांडून सूसच्या खिंडीपाशी येऊन ठेपलेच होते. पलीकडे हिंजवडीला संगणकाच्या कंपन्या उभ्या राहिल्या आणि ज्या खाचरांत भात होत असे तेथे मजल्यांवर मजले चढले. जमिनीला भाव आला, पुष्कळांच्या हाती पैसा आला. परंतु पैसा येणे निराळे आणि पैसा मिळविण्याची विद्या येणे निराळे. जमीन एकदाच विकता येते. तिचे पैसे घर, गाडी व लग्नकार्य यांत सरले म्हणजे पुढल्या पिढीने काय करावे? आमच्याच तालुक्याने हे दुःख शंभर वर्षांपूर्वी एकदा सोसलेले आहे. मुळशीच्या धरणात मावळ्यांची भातखाचरे बुडाली, १९२१ सालापासून सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी धरण झालेच. तेव्हा जमीन पाण्याखाली गेली, आता ती इमारतींखाली जात आहे. मोबदला कमी-अधिक असेल, पण शेतीखेरीज दुसरी विद्या हाती नसलेल्या मुलाची अवस्था दोन्ही वेळा सारखीच. हायस्कुलात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना माल करणे, त्याची किंमत ठरविणे, तो सचोटीने विकणे आणि त्याचा हिशेब ठेवणे ही विद्या कोण शिकविणार, हाच तो प्रश्न होय.

भाऊरावांचा जन्म ता. २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूरजवळील कुंभोज या गावी झाला. बाहुबलीच्या डोंगराच्या पायथ्याचे हे गाव त्यांचे आजोळ. वडील पायगौंडा पाटील हे सरकारी महसूल खात्यात कारकून होते. त्यांच्या बदल्यांमुळे मुलाचे प्राथमिक शिक्षण निरनिराळ्या गावी झाले. पुढील शिक्षणासाठी १९०२ साली त्यांना कोल्हापुरास राजाराम हायस्कुलात घातले व दिगंबर जैन वसतिगृहात त्यांची सोय केली. शाहू छत्रपतींनी १९०१ सालापासून कोल्हापुरात निरनिराळ्या ज्ञातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढण्यास उत्तेजन दिले होते, त्यांपैकीच हे एक. खेड्यातल्या मुलाला शहरात राहावयास जागा व दोन वेळचे जेवण मिळाले नाही तर शाळा दाराशी असूनही तिचा उपयोग नाही, हे महाराजांनी ओळखले होते. ज्ञातिसंस्थांचा हा उपकार आपण विसरता कामा नये. भाऊरावही त्या उपकाराचे धनी होते.

परंतु त्याच वसतिगृहातून त्यांना बाहेर पडावे लागले. १९०८ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले. परत आल्यावर अंघोळ करून मगच आत यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते मानले नाही, आणि त्यांचा वसतिगृहातील मुक्काम संपला. वसतिगृहाचे अधीक्षक त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे हे विद्वान गृहस्थ होते. पुढे शाहू महाराजांच्या आश्रयाने भाऊराव काही काळ राहिले. पुस्तकी अभ्यासात त्यांना गती नव्हती. कुस्ती, पोहणे आणि सवंगडी यांत त्यांचे मन अधिक रमे. इंग्रजी सहावीपर्यंत मजल गेली आणि मॅट्रिकची पायरी ओलांडावयाची राहिली ती राहिलीच. ज्यांच्या संस्थेने पुढे हजारो मुलांना मॅट्रिक केले ते स्वतः मॅट्रिक नव्हते, ही गोष्ट परीक्षेत मागे पडणाऱ्या मुलांच्या आईबापांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्यांच्या स्वभावाची ओळख पटविणारा प्रसंग १९१४ सालचा आहे. कोल्हापुरात राजा एडवर्ड यांच्या पुतळ्यास डांबर फासले गेले आणि संशयाची सुई लठ्ठे यांच्याकडे वळली. लठ्ठे यांच्याविरुद्ध साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणण्यात आले. त्यांनी कोठडी सोसली, छळ सोसला, प्राणांवर उदार होण्यापर्यंत पाळी आली, तरी खोटी साक्ष दिली नाही. ज्या अधीक्षकांच्या कारकिर्दीत आपल्याला वसतिगृह सोडावे लागले, त्यांच्याचसाठी त्यांनी हे सोसले. धंद्याच्या विद्येत पत हा शब्द फार मोठा आहे. भाऊरावांची पत ही अशी बांधली गेली होती. पुढे ते लोकांच्या दारी धान्य आणि पैसा मागावयास गेले तेव्हा कोणी त्यांच्या शब्दाची शंका घेतली नाही, याचे मूळ येथे आहे.

यानंतर साताऱ्यास त्यांनी खाजगी शिकवण्या केल्या, आणि पोटापाण्यासाठी विक्रीच्या व्यवसायात शिरले. ओगले यांच्या काच कारखान्याशी आणि किर्लोस्करांच्या नांगरांशी त्यांचा संबंध आला तो याच काळात. किर्लोस्करांविषयी येथे चार शब्द सांगितले पाहिजेत. लक्ष्मणराव किर्लोस्कर हेही मूळचे शिक्षकच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते यंत्रांचे ड्रॉइंग शिकवीत. ती नोकरी सोडून ते बेळगावास आले, सायकलींचे दुकान चालविले, मग कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर करू लागले. १९१० साली औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला. (हे औंध साताऱ्याकडचे, आपल्या शेजारचे नव्हे.) निवडुंगाने भरलेल्या त्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. परंतु कारखाना उभा राहिला म्हणजे माल खपतो असे नाही. लोखंडाचा फाळ जमिनीत गेला म्हणजे जमिनीत विष भिनते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपावयास दोन वर्षे लागली, असे सांगतात.

हा नांगर विकणे म्हणजे काय होते, ते शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या वाचकास समजावून सांगण्याचे कारण नाही. लाकडी नांगर गावचा सुतार बलुत्यावर करून देई, त्याला रोकड लागत नसे. लोखंडी नांगरास रोख पैसा हवा, आणि पैसा सुगीनंतरच हाती येणार. लोखंडी नांगर खोल जातो, हरळी व कुंदा मुळासकट उपटतो, हे खरे. पण तो ओढावयास बैलांच्या अधिक जोड्या लागतात. फाळ झिजला तर नवा कोठे मिळणार, हीही चिंता. अशा गिऱ्हाइकापुढे केवळ तोंडाची वाफ दवडून भागत नाही. त्याच्या बांधावर जावे लागते, नांगर त्याच्याच रानात चालवून दाखवावा लागतो, उलटलेल्या ढेकळांतली कुंद्याची मुळी त्याच्या हातात द्यावी लागते. एकाने घेतला की शेजारी पाहतो, आणि वर्षभराने पहिल्याचे पीक बघून दुसरा घेतो. पहिल्याचा नांगर मोडला आणि विक्रेता फिरकला नाही, तर तो गाव कायमचा गमावला म्हणून समजावे. विक्री ही जिभेची कसरत आहे असा पुष्कळांचा ग्रह असतो. खरे पाहता विक्री म्हणजे दुसऱ्याची गरज नीट जाणून घेणे आणि दिलेला शब्द पाळणे.

या फिरतीत भाऊरावांनी दक्षिण महाराष्ट्रातील खेडी आतून पाहिली. कर्जाचा कागद वाचता येत नाही म्हणून अंगठा उठविणारा शेतकरी त्यांनी पाहिला. हुशार मुलगा गुरांमागे जातो, कारण शाळा गावात नाही आणि शहरात राहण्याची ऐपत नाही, हेही पाहिले. नांगर विकावयास गेलेल्या माणसाला गिऱ्हाइकाची खरी गरज नांगराहून खोल असलेली दिसली. तत्पूर्वीच १९०९-१० च्या सुमारास मित्रांबरोबर दुधगाव येथे विद्यार्थ्यांसाठी आश्रम काढण्यात त्यांचा भाग होता. आता तोच विचार पक्का झाला. ता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी, विजयादशमीच्या मुहूर्तावर, कऱ्हाडजवळील काले या गावी सत्यशोधक समाजाच्या सभेत रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. कालेनंतर नेर्ले येथे वसतिगृह निघाले, आणि १९२४ साली संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. मधल्या काळात धनजीशा कूपर यांच्या सातारा रोड येथील नांगराच्या कारखान्याच्या उभारणीतही भाऊरावांचा हात होता. पुढे मतभेद होऊन त्यांनी तो संबंध सोडला आणि सर्वस्वी शिक्षणास वाहून घेतले.

साताऱ्याच्या वसतिगृहाचा आरंभ घरातूनच झाला. निरनिराळ्या जातींची मुले, अस्पृश्य मानलेल्या जातींची मुलेही, एका पंक्तीस जेवू लागली. स्वयंपाक लक्ष्मीबाई करीत. पाटलाची लेक असलेल्या या माउलीने सोवळेओवळे बाजूस सारले, आणि मुलांच्या जेवणाची ददात पडली तेव्हा अंगावरचे दागिने एकामागून एक विकावयास दिले. अखेर मंगळसूत्रसुद्धा राहिले नाही. १९३० साली त्यांचे निधन झाले. रयत शिक्षण संस्थेचे पहिले भांडवल विचाराल तर ते लक्ष्मीबाईंचे सोने होय. आपल्या मंडळाच्या समारंभांत पुरुषांचे सत्कार पुष्कळ होतात. ज्या भगिनींनी घरचा हिशेब सांभाळून मुले शिकविली त्यांची आठवण त्या वेळी व्हावी, एवढीच सूचना आम्ही करून ठेवतो. वसतिगृह पुढे धनिणीच्या बागेत गेले. फेब्रुवारी १९२७ मध्ये महात्मा गांधी तेथे आले. सर्व जातींच्या मुलांचे सहजीवन पाहून ते प्रसन्न झाले आणि त्यांच्या हस्ते वसतिगृहास छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले.

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. भाऊरावांच्या संस्थेचे अर्थकारण पाहिले म्हणजे जागोजाग तो नांगरविक्या दिसतो. विक्रेता गिऱ्हाइकाच्या दारी जातो, तसे भाऊराव खेड्यांत जाऊन मुले निवडून आणीत. मुले शाळा शोधीत येतील म्हणून वाट पाहत बसले नाहीत. विक्रेता नांगर रानात चालवून दाखवितो, तसे त्यांनी मोठमोठ्या योजना छापण्याऐवजी आधी मुले शिकवून दाखविली. अत्यंत गरीब घरातला मुलगा बॅरिस्टर होऊ शकतो, हे पी. जी. पाटील यांच्या रूपाने लोकांनी पाहिले. त्यानंतर कोणत्याही गावाला शाळेचे महत्त्व पटवून द्यावयास व्याख्यान लागले नाही. विक्रेता गिऱ्हाइकाच्या ऐपतीप्रमाणे देण्याघेण्याची रीत ठरवितो, तसे त्यांनी रोख वर्गणीचा हट्ट धरला नाही. शेतकऱ्याकडे पैसा नसतो, पण सुगीला मूठभर धान्य असते; म्हणून धान्य घेतले. विद्यार्थ्याकडे फीचे पैसे नसतात, पण दोन हात असतात. म्हणून श्रम घेतले. प्रत्येकाने आपल्याकडे जे आहे ते द्यावे आणि भिक्षेकऱ्यासारखे कोणी काही फुकट घेऊ नये, हा त्या व्यवहाराचा पाया होता.

यातूनच कमवा आणि शिका ही पद्धत रूढ झाली. वसतिगृहातील मुले पाणी भरीत, स्वयंपाक करीत, भाजीपाला पिकवीत, शेतात राबत, इमारतींच्या कामावर दगड-माती वाहत. १९४० साली साताऱ्यास महाराजा सयाजीराव यांच्या नावाने हायस्कूल निघाले. तेथे गरीब विद्यार्थ्यांनी फी न भरता, त्याऐवजी श्रम करून शिकावे, अशी व्यवस्था होती. हायस्कुलात शिकणाऱ्या मुलाने स्वतःच्या शिक्षणाचा खर्च स्वतः उचलावा, ही कल्पना त्या काळी पुष्कळांना विचित्र वाटली असेल. लेखणी धरणारा हात कुदळीस लागू नये, अशीच आपल्याकडची जुनी समजूत. भाऊरावांनी ती समजूत मुळावर घाव घालून तोडली. १९३७ साली वर्ध्यास गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना देशापुढे मांडली. तिचा गवगवा होण्याआधीपासून साताऱ्याची मुले हातात फावडे घेऊन शिकत होती.

पुढील विस्तार थोडक्यात सांगतो. १९३२ साली पुणे करारानंतर त्यांनी पुण्यास युनियन बोर्डिंग काढले. १९३५ साली साताऱ्यास ग्रामीण शिक्षक तयार करण्यासाठी सिल्व्हर ज्युबिली ट्रेनिंग कॉलेज निघाले, कारण शाळा उघडावयाच्या तर खेड्यात राहण्यास तयार असलेला मास्तर आधी पाहिजे. मग जेथे शाळाच नव्हती अशा गावांत शेकडो व्हॉलंटरी शाळा निघाल्या. १९४७ साली साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज आणि १९५४ साली कऱ्हाडास सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज सुरू झाले. गांधीजींच्या निधनानंतर त्यांच्या स्मरणार्थ एकशे एक हायस्कुले काढण्याचा त्यांनी संकल्प केला. मध्यंतरी सरकारवर केलेल्या टीकेमुळे संस्थेचे अनुदान काही काळ बंद झाले होते. सरकारी मदतीवरच उभी असलेली संस्था तेव्हाच कोलमडली असती. पण येथे गावोगावचे शेतकरी पुढे आले, धान्य आले, पैसा आला, आणि शाळा चालू राहिल्या. स्वतःच्या कमाईवर उभे राहण्याची सवय संस्थेसही असावी लागते, हा त्या दिवसांचा धडा होय. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मान्य डॉक्टरेट दिली आणि भारत सरकारने पद्मभूषण दिले. त्याच वर्षी ता. ९ मे रोजी त्यांचे देहावसान झाले. मागे शंभरावर हायस्कुले, महाविद्यालये, वसतिगृहे आणि वटवृक्षाचे बोधचिन्ह मिरविणारी संस्था होती.

चरित्र येथे संपते. पण चरित्र वाचून नमस्कार करावा आणि पान उलटावे, एवढ्यासाठी आम्ही ते लिहिलेले नाही. कमवा आणि शिका ही योजना आज पुणे विद्यापीठात भाऊरावांच्याच नावाने चालते, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु ती कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी. हायस्कुलाचे काय? कार्यानुभवाचा विषय आमच्या नोकरीच्या काळात वेळापत्रकात होता. अनेक शाळांत त्या तासाला गणिताची उजळणी होई, आणि घरून विकत आणलेली शोभेची वस्तू गुणांसाठी टेबलावर मांडली जाई. २०२० सालच्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून व्यवसायाची ओळख करून द्यावी आणि सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना धंद्याच्या ठिकाणी न्यावे, असे सांगितले आहे. धोरण चांगले आहे. पण कागदावरचा नांगर जमीन उलटवीत नाही. तो कोणी तरी रानात धरावा लागतो.

येथे एक सावधगिरीचा शब्द लिहिणे आमचे कर्तव्य आहे. कमाईचे शिक्षण म्हणजे मुलांची मजुरी नव्हे. चौदा वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास कायद्याची बंदी आहे, आणि ती योग्यच आहे. भाऊरावांच्या वेळी श्रम हाच पुष्कळ मुलांना शाळेत टिकण्याचा एकमेव मार्ग होता. आज शाळा दाराशी आहे व बहुतेकांच्या घरी दोन वेळचे अन्न आहे. म्हणून आजच्या मुलाला श्रमाबरोबर व्यवहाराचे गणित शिकवावयास पाहिजे, आणि तेही शाळेच्या तासात, शिक्षकाच्या देखरेखीखाली.

ते कसे शिकवावे, याचे एक साधे उदाहरण देतो. समजा, नववीच्या चार मुलामुलींनी दिवाळीस पणत्या रंगवून विकावयाच्या ठरविल्या. कुंभाराकडून शंभर पणत्या प्रत्येकी तीन रुपयांनी घेतल्या, त्यांचे तीनशे रुपये झाले. रंग व कुंचले दीडशे, पिशव्या पन्नास, एकूण पाचशे. भाव ठेवला आठ रुपये. ऐंशी पणत्या खपल्या, सहाशेचाळीस रुपये आले, वीस पणत्या उरल्या. मुले म्हणतील, एकशेचाळीस रुपये नफा झाला. येथे गुरुजींनी थांबवून विचारावे: चौघांनी प्रत्येकी पाच तास काम केले, म्हणजे वीस तास झाले, तासाला किती पडले? सात रुपये. मग मुलांचे डोळे उघडतात. वीस पणत्या का उरल्या? रंग आवडला नाही, की विकावयास उशीर झाला? नऊ रुपये भाव ठेवला असता तर गिऱ्हाईक फिरले असते काय? पाच-पाचच्या पिशव्या केल्या असत्या तर? पाचशे रुपये भांडवल कोणी दिले, आणि ते आधी कोणाला परत करावयाचे? या एका उद्योगात अंकगणित आहे, मराठी बोलणे आहे, नागरिकशास्त्र आहे आणि नीतीही आहे. तडकलेली पणती रंगाखाली दडवून विकली तर पुढल्या वर्षी गिऱ्हाईक येणार नाही, हे शंभर सुविचारांनी शिकविता येत नाही ते येथे आपोआप समजते. पणत्यांऐवजी शाळेच्या आवारातील भाजी असेल, वह्या-पेन्सिलींचे छोटे भांडार असेल, किंवा आपल्या मुळशीचा आंबेमोहोर एक-एक किलोच्या पिशव्यांत भरून विकणे असेल. सुगंधी तांदूळ पिकविणारे आपले वाडवडील तो व्यापाऱ्याला पोत्याने देत आले. त्याच तांदळाच्या पिशवीवर नाव छापून अधिक भाव घेणारा दुसराच कोणी असतो. हा फरक मुलांना चौदाव्या-पंधराव्या वर्षी कळला तर पन्नाशीत पस्तावण्याची पाळी येणार नाही.

आता मंडळाला आमची विनंती. आपल्या शिक्षणनिधीतून दरसाल गुणवंतांना पेले व शाली देण्यात येतात. गुणवंतांचे कौतुक अवश्य व्हावे. परंतु एका पेल्याच्या किमतीत चार मुलांच्या एका उद्योगाचे भांडवल निघते. या निधीचा एक भाग गावातील हायस्कुलाकडे द्यावा. त्यातून मुलांच्या गटांना लहान रकमा बिनव्याजी मिळाव्यात, आणि वर्षअखेर त्यांनी हिशेबाच्या वहीसह मुद्दल परत करावे. नफा झाला तर तो त्यांचा. तोटा झाला तर का झाला, ते त्यांनी सभेपुढे उभे राहून सांगावे, आणि तेवढी रक्कम मंडळाने शिकवणीची फी समजून सोसावी. आपल्या ज्ञातीतील जे गृहस्थ व भगिनी दुकान, गॅरेज, खानावळ वा दूधधंदा चालवितात, त्यांनी वर्षातून एक तास शाळेत येऊन आपला धंदा मुलांपुढे मांडावा. व्याख्यान नको, वही उघडून दाखवावी.

आणि शेवटची गोष्ट, जी लिहिण्यासाठीच आम्ही ज्ञातीबाहेरचे चरित्र निवडले. हे भांडवल आपल्याच ज्ञातीच्या मुलांपुरते ठेवू नये. आमच्या या सूचनेवर मंडळात मतभेद होतील, हे आम्ही जाणून आहो. पैसा ज्ञातिबांधवांनी दिला, तो ज्ञातीच्या मुलांवरच खर्च व्हावा, असे म्हणणारे प्रामाणिकपणे म्हणतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच की बाजारात जात विचारून कोणी पणती घेत नाही. चार जातींच्या चार मुलांनी मिळून उद्योग केला तर चार आळ्यांतली गिऱ्हाइके त्यांच्याकडे येतात, हा निव्वळ व्यवहार झाला. त्याहून मोठी गोष्ट अशी, की भाऊरावांना ज्ञातीच्या वसतिगृहाने आसरा दिला आणि ज्ञातीच्याच रूढीने बाहेर घातले. त्यांनी आसरा तेवढा लक्षात ठेवला व रूढी टाकून दिली, आणि जे उभारले ते सर्वांसाठी उभारले. त्यामुळेच आज त्यांच्या शाळांत आपलीही मुले शिकतात. शेजारी औंधला रयतचे कॉलेज आहे. तेथे आपल्या मुलांना प्रवेश देताना कोणी त्यांची ज्ञाती पाहून दार लावले नाही. ते ऋण थोडे तरी फेडण्याची संधी आपल्याला आहे.

जमिनीचे पैसे एका पिढीत सरतात. हाताला आलेली विद्या पिढ्यान्‌पिढ्या पुरते, आणि वाटल्याने वाढते. आपल्या गावची मुले सचोटीने कमावती व्हावीत, आणि त्यांच्या कमाईत शेजाऱ्याच्या मुलाचाही हातभार असावा, अशी श्रीचरणी प्रार्थना करून आम्ही हा लेख पुरा करतो.